पेत्र मासे धरायला निघाला, तेव्हा नावेत एकटा नव्हता

'देवाने तुला क्षमा केली आहे' असं आपण पश्चात्ताप केलेल्या माणसाला सहज म्हणतो, आणि पुढे कित्येक वर्षं त्याला त्याच्या पडण्यावरूनच ओळखतो. तो व्यसनात गेलेला. ती लग्न मोडलेली. तो सेवाकार्य अर्धवट सोडून गेलेला. हळूहळू ती माणसंही स्वतःला तसंच ओळखू लागतात. उपासनेला आली तरी शेवटच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद होताच निघून जातात. हे पाहून मला फार दुःख होतं, कारण पवित्र शास्त्रात मला वेगळं दिसतं.

प्रभू येशूला अटक झाली त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने कोंबडा आरवण्याआधी तीनदा त्याला नाकारलं, मी त्याला ओळखत नाही म्हणाला, हे चारही शुभवर्तमानांत आहे. एकानेही ते झाकलं नाही. पण लूकच्या 22व्या अध्यायात त्याआधीचं एक बोलणं आहे, आणि माझ्या मते सगळं तिथेच ठरतं. प्रभू शिमोनाला, म्हणजे पेत्रालाच, सांगतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे, आणि तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. हे कोंबडा आरवण्याच्या आधीचं! पेत्र तर अजून तुरुंगात जायच्या, मरायच्या गोष्टी करतोय. म्हणजे त्याचं पडणं डोळ्यांसमोर असतानाच प्रभूने त्याला काम सोपवलं. पेत्राला स्वतःची जी ओळख होती ती त्या रात्री मोडली. प्रभूला त्याची जी ओळख होती ती मोडायचं कारणच नव्हतं.

पुढे योहान 21 मध्ये पुनरुत्थानानंतर प्रभू पेत्राला विचारतो, यांच्यापेक्षा तू माझ्यावर अधिक प्रीती करतोस काय? सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असं म्हणणारा हाच पेत्र. आता तो इतरांचं नावही काढत नाही. 'तुला ठाऊक आहे' म्हणतो, तिन्ही वेळा. स्वतःची हमी द्यायचं त्याने सोडून दिलंय.

प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाकडे मात्र माझं मन पुन्हा पुन्हा जातं. मत्तय 27 वाचा. त्यालाही पस्तावा झाला होता. चांदीची 30 नाणी घेऊन तो मुख्य याजक आणि वडील यांच्याकडे परत गेला, निर्दोष रक्त धरून देऊन मी पाप केलं असं उघड म्हणाला. इतकी सरळ कबुली! उत्तर काय मिळालं? आम्हाला त्याचं काय? तुझं तू पाहा. तिथून जाऊन त्याने गळफास घेतला. त्याच्या पापाचा भार मी कमी करत नाही. पण ते उत्तर देणारे याजक मला जास्त छळतात, कारण कुणी आपल्यापुढे मन मोकळं करतं तेव्हा त्यांच्या जागी आपणच असतो.

पेत्राचं तसं झालं नाही. त्याच योहान 21 च्या सुरुवातीला तो म्हणाला, मी मासे धरायला जातो. बाकीचे म्हणाले, आम्हीही येतो. त्या रात्री जाळ्यात काहीच आलं नाही, पण त्याला सोबत होती.

कृपा म्हणजे नुकसान भरून द्यायचं टळलं, असं मुळीच नाही. जकातदार जक्कयाने, कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर ते चौपट परत करायचं कबूल केलं. अधिकाराच्या जागेवर बसून ज्याने कुणाला दुखावलं, त्याला ती जागा पुन्हा मिळायलाच हवी असंही नाही. आधी दुखावलेल्याचं ऐका. पण पद जाणं वेगळं, देवाचं लेकरू असणं वेगळं.

आणि ही कृपा एकदाच लागते असंही नाही. पेंटेकॉस्टला, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या दिवशी, हजारोंपुढे निर्भयपणे बोललेला पेत्र पुढे अंत्युखियात माणसांना घाबरून परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून उठला. प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. तरी करिंथकरांच्या पहिल्या पत्रात पुनरुत्थित प्रभू कुणाकुणाला दिसला हे सांगताना तोच पौल आधी केफाचं, म्हणजे पेत्राचं, नाव घेतो. आणि मंडळीचा छळ केला म्हणून स्वतःला प्रेषितांत कनिष्ठ म्हणतो, देवाच्या कृपेनेच मी जो आहे तो आहे, असंही म्हणतो.

मंडळीत जायचं थांबवलेलं कुणी हे वाचत असेल, तर मला मेसेज करा. लगेच वचनं पाठवणार नाही. आधी ऐकेन.