दोन चांगदेव आणि एक हेलिकॉप्टर

फैजपूरच्या आमच्या कट्ट्यावर गेल्या आठवड्यात दोनदा चहा थंड झाला आणि त्याला निमित्त ठरला ब्रिटनमधला चाळीस वर्षांपूर्वीचा एक दूरचित्रवाणी खेळ. गुरुजींनी ‘ट्रेझर हंट’चा एक जुना भाग मोबाइलवर दाखवला होता. मूळ कल्पना फ्रान्समधील जाक आंत्वान यांची. चॅनेल फोर या वाहिनीने ती डिसेंबर १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये आणली आणि १९८९ पर्यंत चालवली. दोन स्पर्धक स्टुडिओत नकाशे आणि पुस्तके पसरून बसत, कोड्याच्या भाषेतली सूत्रे उलगडत, आणि खेड्यापाड्यांवरून हेलिकॉप्टरने फिरणाऱ्या ॲनेका राइसला कुठे उतरायचे, कोणत्या वाटेने धावायचे, हे बिनतारी यंत्रावरून सांगत. सूत्रे ५, वेळ ४५ मिनिटे, बक्षीस १,००० पौंड.

‘‘बक्षिसापेक्षा इंधनच महाग पडले असेल,’’ असे म्हणून अण्णांनी सुरुवात केली. अण्णांचे म्हणणे असे, की हा निव्वळ पळण्याचा खेळ आहे; पंखा फिरतो, बाई धावते, बघणाऱ्याचा जीव वर-खाली होतो, आणि त्यालाच आपण बुद्धिमत्ता म्हणतो. गुरुजींनी आयुष्यभर भूगोल शिकवलेला असल्यामुळे त्यांना हे लागले. त्यांनी खेळाची खरी मेख सांगितली: स्पर्धकांना पडद्यावरचे चित्र दिसतच नसे, फक्त आवाज ऐकू येई. समोर नदी आहे की नाला, हे ती बाई सांगेल तेव्हा कळणार. म्हणजे नकाशावरच्या रेघांतून गाव डोळ्यांपुढे उभे करावे लागणार.

एस.टी.त तीस वर्षे चालक असलेल्या बापूंना मात्र भलतीच चिंता पडली. आपल्याकडे वाट विचारली तर माणूस ‘हे काय, जवळच आहे, निंबाच्या झाडापासून डाव्या हाताला’ असे सांगतो. पुढे निंबाची झाडे निघतात सहा, आणि ‘जवळ’ निघते तीन कोस. त्या बाईने हेच वाक्य यंत्रावरून स्टुडिओत कळवले, तर बिचाऱ्यांनी नकाशात निंब कुठे शोधायचा?

मग गुरुजींनी बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर खानदेशासाठी एक सूत्र लिहिले: ‘चांगदेवाने जिथे आजोबांची विद्या जपली, तिथे उतरा.’ मी आणि बापू एका सुरात म्हणालो, चांगदेवाचे देऊळ, तापी-पूर्णेचा संगम, मुक्ताईनगर तालुका. आमच्या हिशेबाने हेलिकॉप्टर निघालेसुद्धा. गुरुजी हसले. संगमावरचा तो योगी चांगदेव. सूत्रातला चांगदेव म्हणजे भास्कराचार्यांचा नातू. आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’सारख्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून त्याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला, आणि त्याला मिळालेल्या दानाचा शके ११२८ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. पाटणादेवीला मी चार वेळा दर्शनाला गेलो आहे. तरी हे उत्तर मला सुचले नाही, याची लाज वाटली.

इथे वादाने खरे वळण घेतले. संगमापासून पाटणपर्यंतचे सरळ हवाई अंतरच शंभर किलोमीटरांहून अधिक. एका नावाची गफलत झाली, तर पंचेचाळीस मिनिटांतला मोठा वाटा नुसत्या उडण्यातच संपला. म्हणजे पाय कितीही चपळ असले तरी खेळ हरतो तो पुस्तकाजवळ बसलेला माणूस, असे गुरुजींचे अनुमान. मला ते पटले. बापूंना अर्धेच पटले. त्यांच्या मते संगमावर उतरलेल्या बाईने पहिल्या नावाड्याला विचारले असते, तर ‘इथे कसली शाळा आणि कसले आजोबा?’ एवढ्या उत्तरावरच चूक ध्यानात आली असती.

अण्णा इतका वेळ गप्प होते. त्यांची केळी रावेरच्या रस्त्याला आहे, आणि जूनच्या वादळात घडांनी लगडलेली झाडे कमरेतून मोडून आडवी झालेली त्यांनी पाहिली आहेत. ते म्हणाले, ‘‘गुरुजी, तुमचा नातू बरोबर, मठही बरोबर. पण तो पंखा बागेच्या डोक्यावर आला, की पानांच्या चिंध्या होतील आणि ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधाला लागतील. निवडणुकीत पुढारी येतात, तेव्हा आदल्या दिवशी चुन्याचे वर्तुळ आखतात, टँकरने पाणी मारून धूळ बसवतात. इथे तर बाई कुठे उतरणार, हे कुणालाच आधी माहीत नाही.’’

मी सुचवले, की वेचणी झालेल्या कापसाच्या रानात उतरावे. अण्णांनी लगेच विचारले, की पऱ्हाटी उपटलेली आहे की उभीच आहे, हे स्टुडिओतल्या माणसाला नकाशात कसे दिसणार? गुरुजींनी कागद उलटा केला आणि पाठीमागे ‘उतरण्याची जागा’ असे लिहून ठेवले. त्याखाली अजून काही लिहिलेले नाही.