बर्फात दोर कुठाय?

सोमवारी संध्याकाळी मनूच्या डायरीत लाल शाईनं शेरा आला. "चाइल्ड फ्राइटन्ड अदर चिल्ड्रन. पेरेंट्स टु चेक रीडिंग मटेरियल अ‍ॅट होम." खाली तुटक रेघ आणि 'पालकांची सही'. माझ्या स्वतःच्या शाळेच्या दहा वर्षांत मला असला शेरा कधी मिळाला नाही. एकदा डब्यातला तांबडा रस्सा भूगोलाच्या वहीवर सांडला होता, माझ्या नावावर लाल रंगाची तेवढीच काय ती नोंद.

प्रकरण साधं होतं. मनू सीनियर केजीत. शाळेत 'विंटर वीक'. व्हॉट्सअ‍ॅपवर फर्मान आलं की प्रत्येक मुलानं बर्फाची गोष्ट असलेलं चित्रांचं पुस्तक आणायचं, घरी पालकांनी ते वाचून दाखवायचं आणि सोमवारी वर्गात मुलानं पुस्तक दाखवत दोन वाक्यं बोलायची. अंगात स्वेटर, डोक्यावर टोपी. वेळ दुपारी साडेबारा. कोल्हापुरात दुपारी साडेबाराला स्वेटर घालून बसलेला माणूस एक तर तापानं फणफणलेला असतो, नाहीतर तो स्वेटर सासूबाईंनी विणलेला असतो आणि सासूबाई समोर असतात.

शनिवारी दोन दुकानं पालथी घालून तिसऱ्यात गेलो. काउंटरवरच्या पोराला म्हटलं, "बर्फाची गोष्ट आहे का?"

"साधं की हात लावायचं?"

हात लावायचं म्हणजे ज्यात बर्फाच्या जागी कापसासारखं मऊ काहीतरी चिकटवलेलं असतं ते. किंमत विचारून मी साध्यावर आलो. साधंही ४९९ रुपये. बारा पुठ्ठ्याची पानं. मी तिथंच मोबाइलवर भागाकार केला, पानाला ४१ रुपये ५८ पैसे. आणि त्यातली निम्मी पानं पांढरी! एका पानावर तर नुसता कोपऱ्यात लाल टोपीचा गोंडा होता, बाकी बर्फ. आंब्याचं पुस्तक काढायचं तर पिवळी शाई लागते. बर्फाला काहीच लागत नाही, न छापलेला कागद बर्फ म्हणून खपतो.

"बर्फ?" मागून आवाज आला. "कुणाला पायजे बर्फ?"

वळून बघितलं. सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ. पाठ फूटपट्टीसारखी, मिशा वर वळलेल्या, हातात दुधाच्या हिशेबाची नवी कोरी वही.

"पुस्तक पाहिजे होतं काका. मुलीच्या शाळेत..."

"आम्ही बर्फ वितळवून प्यालोय. बघू."

आणि त्यांनी ते पुस्तक माझ्या हातातनं काढून घेतलं. फौजेतनं हवालदार म्हणून रिटायर झालेले, सियाचीनला पोस्टवर राहून आलेले, गाव शिरोळ तालुक्यात, हे सगळं पहिल्या मिनिटात कळलं. मी आपलं ज्ञान दाखवायला म्हटलं, "सैनिक टाकळी का?" त्यावर ते भडकलेच. "फौजी दिसला की समद्यांना टाकळीच आठवती. दुसऱ्या गावातनं काय कोण गेलंच न्हाई?"

मग चष्मा लावला आणि रायफल तपासावी तसं पुस्तक तपासायला घेतलं. मुखपृष्ठ, पाठ, शिलाई. पहिलं पान.

"ऊन पडलंय."

"हो, छान पडलंय."

"मग पोराचा गॉगल कुठाय?"

मी म्हटलं, लहान मुलांचं पुस्तक आहे. ते म्हणाले, "डोळं काय लहान पोरांना नसत्यात? बर्फावरनं ऊन उलटं उसळतंय. दिवसभर कळत न्हाई. रात्री डोळ्यात वाळू घातल्यागत हुतंय. आमच्यातला एक गडी गॉगल इसरला, तीन दिवस पट्टी बांधून बसला हुता."

दुसऱ्या पानावर पोरगं एकटंच निघालं होतं, मागे पावलांची सुंदर नागमोडी रांग. काकांनी बोट ठेवलं. "दोर कुठाय?"

"कसला दोर?"

"कमरंचा! एका दोरात चार-पाच गडी चालत्यात. वरनं सपाट दिसतंय, खाली भेग असती. ताडमाड खोल. एक आत गेला तर बाकीच्यांनी वढायचा. हे एवढंसं पोरगं, आन् आईनं एकटं सोडलंय?"

"काका, ते त्याच्या घराचं अंगण आहे."

"अंगणात भेग पडत न्हाई म्हणून कोण सांगितलं तुमाला?"

माझ्या मागे आता रांग झाली होती. एका बाई अंकलिपी हातात धरून उभ्या होत्या. रांग पुढं सरकत नाही म्हणून वैतागायचं सोडून त्यांनीही मान लांब केली. तिसरं पान. पोरानं उघड्या हातानं बर्फाचा गोळा केलेला. काका काही बोलले नाहीत. नुसते "च्च" केले आणि माझ्याकडे असं बघितलं जणू तो हातमोजा मीच विकून खाल्ला होता. चौथं पान, बर्फाचा माणूस.

"हे बनत न्हाई."

"बनतं हो. सगळे बनवतात."

"ऐका. लई थंडी असली की बर्फ कोरडा असतोय. रवा असतोय, रवा. मुठीत दाबला तर भुरभुर सांडतोय. गोळा व्हायला ओल लागती. थंडी कमी, तर गोळा हुतोय." (हे खोटं ठरवायच्या इराद्यानं मी रात्री शोधलं. दुर्दैवानं खरं आहे.) "आन् हे नाकाला काय लावलंय?"

"गाजर."

काकांनी चष्मा काढला. "गाजर? तीन महिनं आम्हाला ताजं गाजर बघायला मिळालं न्हाई. समदं डब्यातलं. अंडं दगडागत, हातोडीनं फुटायचं न्हाई. आन् ह्यांनी गाजर नाकाला लावलंय!" मग अंकलिपीवाल्या बाईंकडे वळून, "माजुर्डेपणा हाय का न्हाई?"

"आहेच की," बाई म्हणाल्या. त्यांचा काही संबंध नव्हता.

आपणही काहीतरी जाणतो हे दाखवायची मला आता फार गरज वाटू लागली होती. मी सहावं पान उघडलं आणि म्हटलं, "बघा, खरी चूक ही आहे. पांढरं अस्वल आणि पेंग्विन एकाच चित्रात. अस्वलं उत्तर ध्रुवाकडची, पेंग्विन दक्षिणेकडचे. आयुष्यात भेट नाही दोघांची."

"असंल," काका म्हणाले. "म्या दोन्ही बघितलं न्हाईत. बघितलेलंच बोलतो."

एवढा नेमका अपमान माझा ऑफिसातही कुणी केलेला नाही.

काउंटरवरच्या पोरानं मध्येच हात लावायचं पुस्तक पुढं केलं, त्याला वाटलं गिऱ्हाईक फुटतंय. काकांनी त्यातल्या बर्फावरनं बोट फिरवलं. "हे मेंढरू हाय," म्हणाले आणि परत दिलं. बाईंनी विचारलं, "मग कुठलं घेऊ ओ आमच्या पोराला?" म्हणजे दुकानात आता शिफारस काकांची चालत होती आणि मी, ४९९ रुपये हातात घेऊन, त्या पुस्तकाची वकिली करत होतो. विकणारा गप्प, घेणारा गुण सांगतोय.

इथं जरा थांबून मराठीवरचाही राग काढून घेतो. घोळ भाषेपासनं सुरू होतो. आपल्याकडे फ्रीजमधला तोही बर्फ, गोळेवाल्याच्या गाडीवर किसतात तोही बर्फ, मासळीखाली असतो तोही बर्फ आणि आभाळातनं कापसासारखा पडतो तोही बर्फच. 'हिम' म्हणावं तर ते शाळेच्या निबंधात पडतं, बाहेर कुठं पडत नाही. कोल्हापुरात आभाळातनं पडणारं एकमेव गोठलेलं पाणी म्हणजे गारा, आणि त्या वळवात, भर उन्हाळ्यात, पत्र्यावर. त्यामुळे "आकाशातून हळुवार बर्फ पडू लागला" हे वाक्य वाचलं की मनू डोक्यावर हात धरते. चूक तिची नाही. एका भाषांतरित पुस्तकात तर "मुलांनी अंगणात हिममानव बनवला" असं होतं. हिममानव म्हटल्यावर आमच्या पिढीला हिमालयातला केसाळ यती आठवतो. तो मुलं बनवत नाहीत, तो मुलं पळवतो.

तर शेवटी काका मनूशी बोलायला उकिडवे बसले. मनू इतका वेळ माझी पँट धरून ऐकत होती. "बाळ, बर्फात मोजं ओलं झालं तर काय हुतंय ठावं हाय? बोटं काळी पडत्यात. मग डाक्टर काढतोय."

"कुठं ठेवतोय?" मनूनं विचारलं.

काका हसले. आणि काही कळायच्या आत त्यांनी डावी चप्पल काढली. मनू वाकली. मोजलं. एक, दोन, तीन. तिला शंभरपर्यंत येतं. तिथं ती तीनवर थांबली.

दुकानात कुणी बोलेना. मलाही काय बोलावं सुचेना. काकांनी चप्पल घातली, दुधाच्या वहीचे पैसे दिले आणि मला म्हणाले, "घ्या, घ्या. चित्रं झ्याक हाईत. पण पोरीला खरं सांगा." मी घेतलं. आता न घेऊन कुठं जातो?

त्या रात्री झोप येईना म्हणून बर्फाच्या पुस्तकांबद्दल मोबाइलवर वाचत पडलो. एझ्रा जॅक कीट्स नावाच्या ब्रुकलिनच्या चित्रकाराचं 'द स्नोई डे' १९६२ साली आलं, त्याला १९६३ साली कॅल्डेकॉट पदक, म्हणजे मुलांच्या चित्रपुस्तकांसाठीचा अमेरिकेतला मोठा मान, मिळालं. लाल कपड्यातला एक लहान काळा मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेला असतो, दिवसभर खेळतो, एक गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो अर्थातच वितळतो. बास, एवढीच गोष्ट. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयानं २०२० साली सव्वाशे वर्षांचा हिशेब काढला, तर सगळ्यात जास्त वेळा घरी नेलेलं पुस्तक हेच निघालं, ४,८५,५८३ वेळा. वाचून आनंद झाला आणि मग चिडचिड झाली. कारण त्या पोराच्या दारात जे पडलं होतं तेच पुस्तकात आहे. त्याला कुणी "सोमवारी गुऱ्हाळाचं पुस्तक घेऊन ये" असं फर्मान काढलं नव्हतं.

आमच्या दारात हिवाळ्यात काय असतं? पहाटे रंकाळ्यावर इतकं धुकं की पलीकडचा काठ गायब. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी आणि त्यांच्या नाकातनं निघणारी वाफ. उसानं लादलेल्या ट्रॉल्या आणि त्यांच्यामागे कांडं ओढत पळणारी पोरं. गुऱ्हाळात काहिलीसमोर उभं राहिलं की पुढनं भाजतं आणि मागनं काकडतं, हे तर एका पानावर काय झकास येईल! किमान तापमान १४ वर आलं की सगळं गाव माकडटोपी घालतं आणि ओळखीची माणसंही दरोडेखोर दिसतात. याची बारा पानं मागितली तर काउंटरवरचं पोरगं म्हणालं, "हिवाळा म्हणजे बर्फच की ओ. दुसरं काय?" त्याला तरी काय बोलणार? तो शिकला ती पुस्तकंही तसलीच. आणि मी तरी काय केलं? तेच ४९९ चं घेऊन आलो.

सोमवारचं वर्णन मला शाळा सुटल्यावर फाटकात उभ्या असलेल्या इतर आयांकडून आलं, म्हणजे आधी बायकोला आणि तिच्याकडून मला. मनूनं पुस्तक उघडलं. दोन वाक्यं बोलायची होती. ती म्हणाली, "हे पोरगं मरणार आहे. ह्याला दोर नाही." ही दोन झाली. टीचर "व्हेरी गुड" म्हणून पुस्तक घ्यायला गेल्या, पण मनूचं व्हायचं होतं. गॉगल, मोजे, डॉक्टर, सगळं सांगितलं. मग उजवा बूट काढला आणि आपली दोन बोटं मुठीत लपवून उरलेली वर्गाला मोजून दाखवली. एका पोरीनं रडायला सुरुवात केली, तिचं बघून दुसऱ्यानं. तिसऱ्यानं बाकावरचा कापसाचा बर्फ टाकून दिला आणि मधल्या सुट्टीपर्यंत हात मागे बांधून बसला.

आणि शेरा मला! 'रीडिंग मटेरियल' म्हणे. अहो, त्या मटेरियलमध्ये होतं काय? निम्मी पानं तर कोरी होती. मी संतापून टीचरना मेसेज लिहायला घेतला, तीनदा लिहिला, तीनदा खोडला. काकांच्या पायाचं त्यात कसं लिहिणार? आणि ते न लिहिता बाकीचं कसं लिहिणार?

बायको म्हणाली, "मी तुम्हाला पहिल्यांदाच सांगत होतो, ऑनलाइन मागवूया म्हणून." (कोल्हापूरच्या बायका 'होतो'च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) मग तिनं विषय बदलला. "ते फ्रीजरचं दार लागंना झालंय. बर्फ साचलाय."

आमचा फ्रीज एका दाराचा, जुना. त्याच्या फ्रीजरमध्ये भिंतींवर पांढरा थर धरतो. दमट हवेतली वाफ पाणी न होता थेट गोठते आणि तिथं बसते. ढगात हिमाचा कण वाढतो तोही असाच, वाफेतनं. म्हणजे करवीरनगरीत खरा, हातोहात झालेला बर्फ कुठं असेल तर तो आमच्या स्वयंपाकघरात, कोथिंबिरीच्या डब्यामागे. बायकोनं उलथण्यानं खरवडायला घेतलं. भुरभुर पडायला लागलं. रवाच.

"पप्पा, खरा बर्फ!" मनू ओरडली आणि आत पळाली. परत आली ती जोतिबाच्या जत्रेतला गुलाबी गॉगल लावून, हातात माझे हिवाळी मोजे चढवून आणि कमरेला आईची ओढणी बांधून. ओढणीचं दुसरं टोक माझ्या उजव्या मुठीत दिलं. "सोडायचं नाही," म्हणाली, आणि एका हातात स्टूल, दुसऱ्यात वाटी घेऊन फ्रीजरच्या मोहिमेवर निघाली.

डायरी ओट्यावर उघडी होती. बायको म्हणाली, "तेवढी सही करून टाका, सकाळी विसराल." उजवा हात गुंतलेला. सोडायचा नव्हता. मी डाव्या हातानं सही केली.

आज डायरी परत आली. तीच लाल शाई. "सिग्नेचर नॉट मॅचिंग."