काळा घोडा किती?

आमच्या आईला वय विचारलं तर दोन वर्षं कमी सांगते, पण काळा घोडा अर्धा फूट इकडचा तिकडे झालेला तिला चालत नाही. पाऊस लागला की चहाच्या आधी पहिला प्रश्न हाच, "काळा घोडा किती?"

बडोद्याबाहेरच्या मंडळींसाठी सांगते. सयाजीबागेजवळ सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, तो आमचा काळा घोडा. शेजारच्या पुलापाशी विश्वामित्री नदीची पातळी मोजतात. 26 फूट म्हणजे धोका. दुसरा आकडा आजवा तलावाचा, तो 211, 212 असा असतो. (माझी नवी जाऊबाई 212 फूट ऐकून पाटावरून उठलीच. अगं, ती तळ्याची खोली नव्हे, समुद्रसपाटीपासूनची पातळी!) आजवा सयाजीरावांनी शहराला प्यायच्या पाण्यासाठी बांधून घेतला. तो भरला की जास्तीचं पाणी नदीत येतं, आणि काही तासांनी आमच्याकडे.

पूर्वी हे कळायचं कसं? माझे मामा छत्री घेऊन पुलावर जायचे आणि कठड्यावरून वाकून बघून यायचे. "अजून दोन हात आहे" हा त्यांचा अहवाल. आता महापालिका दोन्ही आकडे ऑनलाइन टाकते. वेरा, म्हणजे घरपट्टी, घरबसल्या भरता येतो त्याचंही कौतुक आहेच, पण वेरा चार दिवस उशिरा भरला तर कुणी बुडत नाही. मला विचाराल तर नदीचा आकडा लोकांसमोर ठेवणं हे त्याहून मोठं काम.

पण आकडा कळला म्हणजे काय कळलं?

आम्ही समा भागात 2021 मध्ये राहायला आलो. 31 जुलै 2019 ला एका दिवसात वीसेक इंच पाऊस कोसळला, तो पूर आम्ही या घरातून पाहिलेला नाही. 2024 च्या गोकुळाष्टमीला काळा घोडा चढायला लागला तेव्हा मी फोनवर आकडे बघत होते आणि आईला वाचून दाखवत होते. चोवीस. पंचवीस. क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं. खालच्या मजल्यावरच्या मासी मात्र फ्रीजखाली विटा सरकवत होत्या आणि त्यांची ॲक्टिवा केव्हाच फ्लायओव्हरवर नेऊन लावली होती. मला म्हणाल्या, "बेन, गाडी काढ. आपला 29 ला गेट आहे."

त्यांनी मीटरच्या पेटीचं दार उघडून दाखवलं. आतल्या बाजूला स्केचपेननं, गुजराती आकड्यांत: 29 गेट, 30 पहिली पायरी, 31 तिसरी पायरी. 2019 ला रात्रभर जागून त्यांनी फोनवरचा आकडा आणि दारातलं पाणी जुळवून लिहून ठेवलं होतं. शहरभराच्या आकड्याचं आमच्या दारापुरतं भाषांतर! माझ्याकडे चोवीस तास नेट होतं आणि मासींकडे स्केचपेन, पण गाडी त्यांची वाचली. माझी नाही. त्या वेळी काळा घोडा 35 च्या वर गेला, पायऱ्यांचा हिशोबच संपला.

आता गंमत अशी की मासींचा तक्ताही जुना झाला. 2025 च्या पावसाळ्यापूर्वी विश्वामित्रीचं पात्र रुंद आणि खोल करण्याचं मोठं काम झालं. पात्र बदललं की पुलापाशी 29 असताना आमच्या गेटात पाणी येईलच असं नाही. कदाचित 30 ला येईल, कदाचित 31 ला. हे स्केचपेननं शोधायचं तर पुन्हा एकदा बुडावं लागेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. वेऱ्याच्या बिलावर प्रत्येक घराचा नंबर असतो. तो टाकला की थकबाकी पैशापर्यंत अचूक दिसते. मग तोच नंबर टाकल्यावर "काळा घोडा इतका झाला की तुमच्या गेटात पाणी" हे का दिसू नये? जमिनीची उंची मोजता येते, पात्राची मापं काम करताना घेतलेली असणारच, आणि मागच्या पुरांत पाणी कुठवर आलं ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. चकचकीत पडद्यांची कंट्रोल रूम मला बघायची नाही, मला माझी पायरी सांगा.

आणि आकड्याशेजारी वेळ टाका. 2024 च्या त्या दोन दिवसांत आमच्या ग्रुपवर पहाटेचा फोटो संध्याकाळी फिरत होता आणि कुणीतरी "आजवा फुटला" ठोकून मोकळं झालं. पाणी किती यापेक्षा चढतंय की उतरतंय हे जास्त महत्त्वाचं असतं.

2023 मध्ये धोक्याच्या इशाऱ्याची चाचणी म्हणून सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, आठवतं? आईनं फोन उशीखाली दाबला होता. तो संदेश टॉवरच्या टापूतल्या, ही सोय असलेल्या प्रत्येक चालू फोनवर जातो. ॲप लागत नाही, नंबर नोंदवावा लागत नाही. ज्या टापूत पाणी शिरणार तिथे सहा तास आधी तो वाजला तर त्याहून बरं काय! मात्र 2024 ला आमच्याकडे वीज गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या बिल्डिंगचे फोन मान टाकून पडले होते. त्यामुळे भोंगा लावलेली रिक्षा मोडीत काढू नका.

तोवर मासी आणि मी एक वही केली आहे. आकडा, वेळ, पाणी कुठे. समा, कारेलीबाग, अकोटा, कुणाकडे 2025 नंतरच्या अशा नोंदी असतील तर पाठवा. वेळ लिहायला मात्र विसरू नका, नाहीतर मासी ओरडतात.