‘पीएमपी तोडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘पुणेकरांच्या घामाचा पैसा पिंपरीत आणि खेड्यापाड्यांत जिरतोय’ अशी त्याची सुरुवात. पुढे मुद्दे असे: पीएमटी, म्हणजे पुण्याची जुनी स्वतंत्र बससेवा, नफ्यात होती; पिंपरी-चिंचवडच्या बससेवेशी विलीनीकरण करून दोन्ही शहरांची एकच कंपनी, पीएमपी, केली आणि ती बुडाली. हद्दीबाहेरच्या बस बंद करा, तिकडे एसटी आहे. बस चालवणं हे महापालिकेचं कामच नाही. मेट्रो आली, आता इतक्या बस कशाला? उरलं ते खासगी कंपन्यांना देऊन टाका. आणि शेवटी आरोळी: पीएमपी तोडा, पीएमटी परत आणा.

एरवी मी अशा मेसेजच्या वाटेला जात नाही. पण हा मामांनी घरच्या ग्रुपवर टाकला आणि हद्दीबाहेरच्या पिरंगुटला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा लगेच फोन आला, “दादा, आमची बस खरंच बंद होणार का?” तिची मुलगी त्या बसने कोथरूडला कॉलेजला येते. कोणाच्या तरी फॉरवर्डमुळे तिला ही धास्ती बसावी याचा मला राग आलाय, आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

सगळ्यात घातक मुद्दा हद्दीचा, म्हणून तोच आधी घेतो.

ही ‘हद्द’ म्हणजे नेमकी कोणती? ऑक्टोबर २०१७ मध्ये धायरी, शिवणे, उंड्री, फुरसुंगी यांच्यासह अकरा गावं पुणे महापालिकेत आली. जून २०२१ मध्ये वाघोली, मांजरी, खडकवासला धरून आणखी तेवीस आली. त्यानंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करायचं ठरलं आणि तसं झालंही. मेसेजचा हिशोब लावला तर फुरसुंगीची बस आधी ग्रामीण होती, मग काही वर्षं शहरी झाली आणि आता पुन्हा ग्रामीण. दरम्यान तिथल्या माणसांनी नोकरीची जागा बदलली नाही, की मुलांची शाळा बदलली नाही. बदलली ती सरकारी अधिसूचना. रोजचं येणं-जाणं अधिसूचनेप्रमाणे तोडायचं म्हणता?

हिंजवडीचं काय करायचं, तेही मेसेजवाल्यांनी सांगावं. आयटी पार्क झालं तरी हिंजवडी मुळशी तालुक्यातली ग्रामपंचायतच आहे, ती दोन्ही महापालिकांच्या बाहेर. चाकणचे कारखाने खेड तालुक्यात. कात्रजहून, हडपसरहून, निगडीहून रोज तिकडे जाणारी माणसं घरपट्टी भरतात पुणे किंवा पिंपरी-चिंचवड महापालिकेला. हद्दीबाहेरची बस बंद करायची तर ती या करदात्यांचीच बंद होणार आहे.

आणि ‘ग्रामीण मार्ग’ म्हणतात तो किती ग्रामीण असतो? पिरंगुटहून निघालेली बस भूगाव ओलांडून चांदणी चौकात आली की पुढचे सगळे थांबे शहरातले. कोथरूडचा माणूस त्याच बसमध्ये चढतो. मार्गाच्या एका टोकाला गाव आहे म्हणून सगळा तोटा गावाच्या नावावर लिहिणं हा हिशोब खोटा आहे.

‘तिकडे एसटी आहे’ हे तर ज्याने कधी वाट पाहिली नाही तोच म्हणू शकतो. एसटीची रचना गावांना तालुक्याशी आणि तालुक्यांना जिल्ह्याशी जोडायची आहे. ती दर थांब्यावर थांबत नाही, पीएमपीचा पास तिथे चालत नाही. २०२१-२२ च्या एसटी संपात याच भागात पीएमपीला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. संप मिटला आणि २०२२ च्या अखेरीस पीएमपीने ग्रामीण भागातले काही मार्ग बंद करायला घेतले. म्हणजे बहिणीची भीती हवेतली नाही. बस गेली की ज्याला परवडतं तो हप्त्यावर दुचाकी घेतो, ज्याला परवडत नाही तो कोंबून भरलेल्या शेअर रिक्षात बसतो. आणि बऱ्याच घरांत मुलीला ‘जवळचं कॉलेज बघ’ असं सांगितलं जातं. दुचाकी घेणारे सगळे येतात शहरातच. त्यांच्यासाठी पूल बांधताना पुलाचा नफा-तोटा कोणी विचारत नाही. चांदणी चौकातला नवा पूल ऑगस्ट २०२३ मध्ये खुला झाला, तेव्हा असा मेसेज मला तरी आला नाही.

आता ‘पुण्याचा पैसा पिंपरीत’. पीएमपीत पुणे महापालिकेचा हिस्सा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के, आणि संचलन तूट, म्हणजे बस चालवण्याच्या खर्चात उत्पन्न कमी पडतं ती रक्कमही, याच प्रमाणात भरली जाते. २०११ च्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या ३१ लाख २४ हजार, पिंपरी-चिंचवडची १७ लाख २७ हजार. म्हणजे दोन शहरांच्या मिळून लोकसंख्येत पुणे ६४ टक्के. चौसष्ट टक्के लोकांचं शहर साठ टक्के तूट भरतं. पिंपरी-चिंचवडच्या माणसाने तक्रार केली असती तर निदान आकडे त्याच्या बाजूने असते.

‘इतक्या बस कशाला’ याचं उत्तर केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००९ मध्येच देऊन ठेवलंय. शहरी वाहतुकीसाठी त्यांनी सेवा मानकं ठरवली. दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा जास्त बस असल्या तर पहिला दर्जा, ०.४ ते ०.६ दुसरा, ०.२ ते ०.४ तिसरा, त्याखाली चौथा. २०११ चीच लोकसंख्या धरली तरी दोन शहरांना पहिल्या दर्जासाठी सुमारे २,९०० बस लागतात. पीएमपीचा ताफा दोन हजारांच्या आसपास आहे, आणि त्यातल्या दुरुस्तीला उभ्या असलेल्या गाड्या वजा करायच्याच आहेत. दोन हजार बसवर दुसरा दर्जा टिकवायचा तर लोकसंख्या पन्नास लाखांच्या आत हवी. ती कधीच ओलांडली गेली. आपण तिसऱ्या दर्जात आहोत आणि मेसेज म्हणतो बस कमी करा. पीएमपी तोडली आणि ६० टक्के गाड्या पुण्याच्या वाट्याला आल्या तर होतात बाराशे. म्हणजे २०११ च्या पुण्यालासुद्धा हजारी ०.३८. तोडून नेमकं काय मिळवायचं आहे?

मेट्रोचा मुद्दा मेसेजवाल्यांनी स्वतःच्याच विरोधात मांडलाय. पुण्याची मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. तिची एक मार्गिका पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला येते. दोन शहरांची हद्द ओलांडायला तिला दोन कंपन्या लागल्या नाहीत, आणि तीही जनतेच्याच पैशातून उभी राहिली. स्टेशनपर्यंत पोचायला आणि स्टेशनहून घरी जायला बस लागते, हे रोज मेट्रोने जाणाऱ्या कोणालाही विचारा.

पीएमटी नफ्यात होती, हे साफ खोटं. २००७ मध्ये विलीन झाल्या तेव्हा पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी दोन्ही तोट्यातच होत्या. दोन संस्था, दोन पास, एकाच रस्त्यावर दोघांच्या गाड्या, हा तेव्हाचा कारभार. तो परत मागणाऱ्यांना तो आठवत नसावा.

‘बस चालवणं पालिकेचं काम नाही’ यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात वाहतूक सेवा कलम ६६ मध्ये, म्हणजे ऐच्छिक कामांत येते. पण उद्यानं आणि ग्रंथालयंही त्याच कलमात आहेत. ती बंद करा असं कोणी म्हणत नाही. शिवाय २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने दहा लाखांवरच्या प्रत्येक शहरासाठी एकत्रित महानगर वाहतूक प्राधिकरण सुचवलंय. देशाचं धोरण एकत्र आणण्याचं आहे, तोडण्याचं नाही.

खासगीकरणाबद्दल थोडक्यात: पीएमपीच्या बऱ्याच बस आजही ठेकेदारांच्याच आहेत आणि त्यांना किलोमीटरमागे दर मिळतो. मार्च २०२३ मध्ये थकबाकीसाठी ठेकेदारांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा हाल प्रवाशांचेच झाले. ठेकेदार तूट भरत नाही, तो बिल लावतो. आणि प्रवासी काहीच सोसत नाही असंही नाही. १ जून २०२५ पासून किमान तिकीट ५ वरून १० रुपये झालं, महिन्याचा पास ९०० वरून १,५०० वर गेला.

राहिली एक गोष्ट, जी मेसेजमध्ये चुकीच्या कारणासाठी का होईना, पण आली आहे. दोन महापालिकांच्या बाहेरच्या भागाचा खर्च कोणी द्यायचा, हा प्रश्न खरा आहे. पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण ही सरकारी संस्था, २०१५ मध्ये स्थापन झाली, त्या भागातल्या बांधकामांचं विकास शुल्क तिच्याकडे जातं. पण तुटीची ६०:४० वाटणी तिच्या आधीची, त्यात तिसरा वाटेकरी नव्हताच. पीएमआरडीएचा वाटा दरवर्षीच्या पत्रव्यवहारावर सोडता कामा नये. हद्दीबाहेर धावलेल्या किलोमीटरप्रमाणे तो कायमचा ठरवा, तिच्या अंदाजपत्रकात तशी तरतूद करा, आणि मार्ग बंद करायचा तर आधी तिथल्या लोकांची सुनावणी घ्या. मामांना मी हेच लिहून पाठवलंय, आणि त्यांच्या नगरसेवकाकडे यासाठी सही करून अर्ज द्यायला सांगितलंय.