फॉरमॅट मारावा लागेल

काँप्युटरच्या काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत 'नो बूटेबल डिव्हाइस' उमटतं, आणि घोडबंदर रोडवरच्या टॉवरपासून नेरूळच्या सिडको वसाहतीपर्यंत कुठल्याही मराठी घरात पुढचा संवाद ठरलेला असतो.

"काय केलंस तू त्याला?"

"काही नाही केलं, बाबा."

"मग काय आपोआप बंद पडला?"

मला विचाराल तर दोघंही बरोबर असतात. चिरंजीव इंजिनिअरिंगला, त्यांना विंडोजऐवजी लिनक्स हवं. बाबांची टॅली, डिजिटल सहीचं डोंगल आणि सोसायटीच्या नोटिशी छापायची श्रीलिपी, सगळं विंडोजवर. रोजची कटकट नको म्हणून दुसरी एसएसडी, म्हणजे आणखी एक डिस्क, आली. एकीवर विंडोज, दुसरीवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. तुझं तुला, माझं मला. आज खरोखरच कुणी काही केलेलं नसतं. जे काही केलं ते इन्स्टॉलरने, म्हणजे सिस्टिम टाकणाऱ्या प्रोग्रामने, कधीच करून ठेवलेलं असतं. त्याचं बिल आज आलेलं असतं, इतकंच.

पुढचा अंक म्हणजे आख्खा सीपीयू मांडीवर घेऊन रिक्षा. ठाण्यातले खड्डे लक्षात घेता घरून निघताना एक बिघाड असतो आणि स्टेशनजवळच्या दुकानात पोचेपर्यंत दोन होतात, कारण डिस्कला जोडणारी साटाची केबल तेवढ्यात सैल झालेली असते. काउंटरवरचा मुलगा एकदा चालू करतो, एकदा बंद करतो आणि निकाल देतो, "फॉरमॅट मारावा लागेल." फोटो? जाणार. टॅलीचा डेटा? बॅकअपचे वेगळे पडतील.

या दुखण्यात फॉरमॅटची गरज फार क्वचित पडते. डेटा जागच्या जागी असतो. मोडलेला असतो तो फक्त तिथवर जायचा पत्ता.

मदरबोर्डवर एक वॉचमन बसलेला असतो, त्याचं नाव यूईएफआय. मशीन चालू झालं की सिस्टिम शोधून सुरू करायचं काम त्याचं. त्याच्यापाशी एक रजिस्टर असतं. त्यात ओळी असतात: कुठल्या डिस्कचं कुठलं पार्टिशन (म्हणजे कप्पा), आणि त्यात कुठली फाइल. विंडोजच्या ओळीत बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय, उबुंटूच्या ओळीत शिमएक्स६४.ईएफआय. या फाइली ज्या छोट्या पार्टिशनमध्ये राहतात ते ईएसपी. फॅट३२ पद्धतीचं आणि विंडोजने स्वतः केलं असेल तर बहुधा १०० एमबीचं. रजिस्टरमधली एकही ओळ लागू पडली नाही, तर वॉचमन प्रत्येक डिस्कवर एका ठरलेल्या जागी डोकावतो: ईएफआय फोल्डर, त्यात बूट, त्यात बूटएक्स६४.ईएफआय. विंडोज तिथे आपली एक प्रत ठेवून देतं. लिनक्सपैकी काही ठेवतात, काही ठेवत नाहीत.

या वॉचमनला एक खोड आहे. डिस्क काढून तुम्ही मशीन एकदा जरी चालू केलंत, तरी बरेच बोर्ड ती ओळ रजिस्टरमधून खोडून टाकतात. डिस्क परत लावलीत तरी ओळ परत येईलच असं नाही. विंडोजवाल्याला तो तोंडओळखीवर आत सोडतो, लिनक्सवाल्याला गेटवरच थांबवतो. लिनक्स उडालेलं नसतं. नुसती एंट्री नसते.

आता इन्स्टॉलरची करामत. उबुंटूचा जुना इन्स्टॉलर याबद्दल कुप्रसिद्ध होता. बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) दुसऱ्या डिस्कवर टाक असं त्याला मेन्यूतून स्पष्ट सांगितलं, तरी तो जी पहिली ईएसपी सापडेल तिच्यातच, म्हणजे बहुतेक वेळा विंडोजच्या डिस्कवर, आपलं सामान टाकायचा. विंडोजही काही कमी नाही. लिनक्सची डिस्क जोडलेली ठेवून विंडोज टाकलंत, तर ते त्या डिस्कवरची ईएसपी बिनदिक्कत वापरतं आणि स्वतःच्या डिस्कवर ईएसपी करतच नाही. दिसायला दोन डिस्क वेगळ्या, दार मात्र दोघांचं एकच, तेही एकाच्याच हद्दीत. वर्षभर सगळं सुरळीत चालतं. मग कुणीतरी जुनी डिस्क काढून मोठी लावतं आणि ज्याला हातही लावला नव्हता तेच बंद पडतं.

म्हणून माझा हट्ट असतो: एक सिस्टिम टाकताना दुसरी डिस्क काढून ठेवा. साटाची असेल तर केबल उपटली की झालं. एम.२, म्हणजे थेट बोर्डवर बसणारी, असेल तर तो एक टीचभर स्क्रू काढावा लागतो. तो हातातून सुटतो, पॉवर सप्लायच्या खोबणीत जातो, आणि मग आख्खं घर मोबाइलचा टॉर्च धरून उकिडवं बसतं. काही बोर्डांवर बायोसमधून, म्हणजे वॉचमनच्या सेटिंगच्या पडद्यावरून, तो स्लॉट बंद करता येतो, आधी तिथे बघा. तेही नसेल तर लाइव्ह यूएसबीवर (पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) जीपार्टेड हा पार्टिशनचा प्रोग्राम उघडून विंडोजच्या ईएसपीवरची 'ईएसपी' आणि 'बूट' ही निशाणी तात्पुरती काढा. जुन्या इन्स्टॉलरला मग ती दिसत नाही. काम झाल्यावर निशाणी परत लावा, नाहीतर पुढल्या रविवारी पुन्हा "काय केलंस तू त्याला?"

बिघाड कुठे आहे ते स्क्रीनच सांगते, वाचायची तसदी घ्यायला हवी. 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणजे वॉचमनला कुणीच सापडलं नाही. काळ्या स्क्रीनवर नुसतं 'ग्रब' आणि बाणाची खूण म्हणजे लिनक्सचा बूटलोडर ग्रब सापडला, पण त्याला स्वतःचं घर सापडत नाही. बहुधा लिनक्सची डिस्क निघाली आहे किंवा पुसली गेली आहे. इथे घाबरून पॉवरचं बटण दाबायचं नाही. 'एक्झिट' टाइप करून एंटर मारा, यूईएफआय सहसा यादीतल्या पुढच्या सिस्टिमकडे जातं आणि बाबांची टॅली उघडते. निळ्या स्क्रीनवर ०एक्ससी०००००००ई असेल तर विंडोजचा बूट मॅनेजर जिवंत आहे, पण विंडोज कुठे आहे याची त्याची नोंद चुकली आहे. 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' मात्र बरेचदा माणसाची करणी असते. लिनक्सला डिस्क दिसेना म्हणून चिरंजीवांनी बायोसमध्ये डिस्क चालवायची आरएसटी किंवा व्हीएमडी ही पद्धत बंद करून एएचसीआय ही पद्धत लावलेली असते. बदल उलटा केला की विंडोज परत येतं. एएचसीआयच हवं असेल, तर आधी विंडोजला बीसीडीएडिट या कमांडने सेफ मोडवर लावायचं, मग बायोस बदलायचा, सेफ मोडमध्ये एकदा उठू द्यायचं आणि नंतर ती सक्ती काढून टाकायची. क्रम चुकवला की निळी स्क्रीन.

लिनक्स सुरू होत असेल तर टर्मिनलवर 'ईएफआयबूटएमजीआर -व्ही' टाका. वॉचमनचं रजिस्टर जसंच्या तसं समोर येतं: बूट००००, बूट०००१, प्रत्येकापुढे पार्टिशनचा लांबलचक क्रमांक. 'एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,पार्टयूयूआयडी' ही कमांड (टाइप अर्थातच इंग्रजीत करायची) कुठला क्रमांक कुठल्या डिस्कचा ते दाखवते. दोन्ही ओळी एकाच डिस्ककडे बोट दाखवत असतील तर चोर सापडला.

लिनक्सचं बिऱ्हाड हलवायचं तर लाइव्ह यूएसबीवरून जीपार्टेडने त्याचं मुख्य पार्टिशन थोडं आक्रसा. चालू सिस्टिममधून ते आक्रसता येत नाही, यूएसबी लागतेच. मोकळ्या झालेल्या ५०० एमबीत फॅट३२ पार्टिशन करा, त्याला ईएसपीची निशाणी द्या. मग लिनक्समध्ये येऊन 'बीएलकेआयडी'ने त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, बघा. फॅटचा असल्याने तो आठच अक्षरांचा असतो, मध्ये एक आडवी रेघ. 'एफस्टॅब'मध्ये, म्हणजे सुरू होताना कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्या फाइलीत, '/बूट/ईएफआय'च्या ओळीत जुन्याच्या जागी तो लिहा. जुनी ईएसपी अनमाउंट (सोडवा), नवी माउंट (जोडा), मग 'ग्रब-इन्स्टॉल', मग 'अपडेट-ग्रब'. रजिस्टर परत बघून खात्री झाल्याशिवाय जुन्या ईएसपीतलं उबुंटूचं फोल्डर पुसू नका.

विंडोजला स्वतःची ईएसपी द्यायची तर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोजचा इन्स्टॉलर घ्या, त्यावरून उठा आणि पहिल्याच पडद्यावर शिफ्ट-एफ१० दाबा. कमांड प्रॉम्प्ट उघडतो. 'डिस्कपार्ट', मग 'लिस्ट डिस्क'. इथे श्वास घ्या. सेलमध्ये एकदम दोन ५१२ जीबीच्या घेतल्या असतील, तर इथे दोन्ही ४७६ जीबीच्या दिसतात आणि कुठली कोणाची हे 'डीटेल डिस्क' केल्याशिवाय कळत नाही. (दुसरी डिस्क घेताना मुद्दाम वेगळ्या आकाराची घ्या, हा सल्ला मी फुकट देतो आणि कुणी ऐकत नाही.) विंडोजची डिस्क निवडा, 'लिस्ट व्हॉल्यूम' करून त्यातलं मोठं व्हॉल्यूम निवडा, ते 'श्रिंक'ने ५०० एमबीने कमी करा, 'क्रिएट पार्टिशन ईएफआय' ३०० एमबीचं, 'फॉरमॅट' फॅट३२ आणि 'असाइन' करून त्याला एस हे अक्षर. हो, फॉरमॅट आलाच, पण नव्या कोऱ्या ३०० एमबीचा, बाबांच्या फोटोंचा नव्हे. बाहेर येऊन 'बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय'. यूएसबीवरून उठल्यावर विंडोजच्या पार्टिशनला सी हेच अक्षर असतं असं नाही, म्हणून आधी 'डीआयआर' मारून विंडोज फोल्डर कुठे दिसतो ते बघा.

एवढं करूनही बायोसच्या यादीत एकच नाव दिसतं अशी तक्रार येते. बऱ्याच बोर्डांवर मुख्य यादी एका डिस्कचं एकच नाव दाखवते. बाकीची 'यूईएफआय हार्ड डिस्क ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज' नावाच्या आतल्या पानावर असतात. त्या पानापर्यंत स्क्रोल न करताच माणसं मदरबोर्ड बदलायला निघतात.

मी स्वतः ग्रबच्या मेन्यूत विंडोज आणायच्या भानगडीत पडू नका म्हणतो. आणायचंच असेल तर ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, दुसऱ्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब'मध्ये त्याचा 'डिसेबल' 'फॉल्स' करावा लागतो. पण बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर ग्रबमार्गे आलेलं विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. त्यापेक्षा दोघांना आपापली ईएसपी द्या आणि सुरुवातीला बूट मेन्यूची कळ दाबा: आसुसच्या बोर्डवर एफ८, एमएसआयवर एफ११, गिगाबाइटवर एफ१२. कळ वेळेवर दाबली जात नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, 'यूज अ डिव्हाइस'मधून थेट निवडता येतं.

ती ४८ आकडी की बायोसला हात लावण्याआधी कागदावर उतरवा. सिक्युअर बूट (विश्वासू सहीचेच बूटलोडर चालू देणारी सोय) बंद केलं तरी ती मागितली जाऊ शकते आणि तेव्हा ती ज्या अकाउंटमध्ये ठेवलेली असते त्याचा पासवर्ड घरात कुणालाच आठवत नसतो. सिक्युअर बूटला हात लावायची पाळी ऑगस्ट २०२४ मध्ये अनेकांवर आली. विंडोजच्या मासिक अपडेटने जुने लिनक्स बूटलोडर अविश्वासू ठरवले आणि दोन सिस्टिमवाल्या मशीनवर 'एसबॅट' (बूटलोडर जुना तर नाही ना, याची) तपासणी फसल्याचा संदेश देऊन लिनक्स थांबू लागलं. डिस्क वेगळ्या होत्या, त्याचा काही उपयोग नव्हता, कारण तो नियम डिस्कवर नाही, वॉचमनच्याच खिशात लिहिला गेला होता. इलाज: सिक्युअर बूट बंद, लिनक्समध्ये जाऊन 'मोकयूटिल'ने एसबॅट धोरण पुसणं, एकदा रीबूट, शिम (लिनक्सची ती पहिली फाइल) अपडेट आणि सिक्युअर बूट परत चालू.

फास्ट स्टार्टअप तर आधी बंद करा. विंडोज ८ पासून शट डाउन म्हणजे अर्धवट झोप असते. लिनक्सला ती डिस्क अर्धी उघडी सापडते आणि लेक बाबांच्या ड्राइव्हवर काही लिहू शकत नाही, नुसतं वाचू शकतो. (बाबांचं यावर म्हणणं असतं, "तेच बरं आहे.") अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' मारलं की हायबरनेशनसकट हा प्रकार संपतो. याच्या उलट दुखणं: विंडोजची डिस्क काढल्यावर लिनक्स सुरू होताना ९० सेकंद अडून बसतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये उतरतं. एफस्टॅबमधल्या त्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घातला की थांबणं बंद.

आणि घड्याळ. लिनक्स बोर्डवरच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. त्यामुळे लेकाने रात्री लिनक्स वापरलं की सकाळी दहाला बाबांच्या विंडोजवर साडेचार वाजलेले असतात. लोक सीआर२०३२ सेल बदलतात. तीन व्होल्टचा तो सेल बिचारा ठणठणीत असतो. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर सेलला हात लावू नका. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' करा, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत (तिच्या आतल्या सेटिंगच्या यादीत) 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' १ करा. दोन्हींपैकी एकच. बाबांनी त्यांच्या बाजूने आणि चिरंजीवांनी आपल्या बाजूने, एकमेकांना न सांगता दोन्ही केलंत, तर विंडोज सकाळी दहाला दुपारचे साडेतीन दाखवेल.