संदर्भयादी हातानेच दुरुस्त करायची?

प्रबंध जमा करायची वेळ आली की झोटेरो (संदर्भ साठवून त्यांची यादी आपोआप बनवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांत एक सल्ला हमखास फिरतो: 'झोटेरोची शैली बदलायला प्रोग्रॅमिंग लागतं. बदललीच तरी अपडेट आला की उडते. त्यापेक्षा शेवटी दस्तऐवजाची झोटेरोशी असलेली लिंक तोडा आणि यादी हाताने नीट करा.'

प्रोग्रॅमिंग लागत नाही. शैलीची, म्हणजे संदर्भ कसे छापायचे त्या नियमांची, सीएसएल फाइल म्हणजे टॅगांत मांडलेला साधा मजकूर. झोटेरोच्या टूल्स मेनूतल्या डेव्हलपरखाली स्टाइल एडिटर आहे. लायब्ररीतल्या चारपाच नोंदी निवडून तो उघडा, बदलाचा परिणाम खाली लगेच दिसतो. चार किंवा जास्त लेखक असतील तर फक्त पहिला हवाय? 'एट-अल-मिन' ४ करा, 'एट-अल-यूज-फर्स्ट' १. तरी काही हललं नाही, तर आतल्या 'नेम' टॅगवर हेच गुणधर्म वेगळे दिलेले असतात आणि आतलेच चालतात. नियतकालिकाचा अंक क्रमांक नसलेल्या लेखात स्वल्पविराम लोंबकळतो तो आधीच्या घटकाच्या 'सफिक्स'मध्ये टाकल्यामुळे. ते घटक एका 'ग्रुप'मध्ये घेऊन स्वल्पविराम त्याच्या 'डिलिमिटर'ला (घटकांमधल्या चिन्हाला) द्या. घटक गळला की त्याचं चिन्हही गळतं. फाइल जेमतेम १५-२० ओळींची निघाली, तर ती आश्रित, म्हणजे दुसऱ्या शैलीवर विसंबलेली शैली आहे. तिच्यात स्वरूपाचे नियमच नसतात. 'इंडिपेंडंट-पेरेंट' दुव्यातली मूळ शैली उघडा.

अपडेटमध्ये बदल उडतात हे खरं, पण मूळचा 'आयडी' तसाच ठेवला तर. सेव्ह करण्याआधी 'आयडी' आणि 'टायटल' दोन्ही बदला, नवी शैली स्वतंत्र राहते. दस्तऐवजात तीच निवडायला मात्र विसरू नका.

लिंक तोडण्याबद्दल: 'अनलिंक सायटेशन्स' केल्यावर मागे उरतो नुसता मजकूर. मार्गदर्शकांनी मध्येच एक संदर्भ घालायला सांगितला की [७] नंतरचे सगळे आकडे हाताने सरकवा. लिंक न तोडता यादीत थेट खाडाखोड केली, तर पुढच्या रिफ्रेशला ती पुसली जाते. प्रकाशकाला अंतिम प्रत देताना तोडायला हरकत नाही, पण मूळ फाइलच्या वेगळ्या कॉपीवर.

आणि बऱ्याचदा दोष शैलीचा नसतोच. यादीत 'संघटना, जागतिक आरोग्य' असं छापून आलं, तर संस्थेचं नाव आडनाव-नाव अशा दोन रकान्यांत भरलंय. त्या नोंदीत लेखकाचा रकाना एकेरी करा. शैलीला हात लावू नका.