रक्तातली प्रतिपिंडं पुरेशी नाहीत

कोंबड्यांच्या मानमोडी (राणीखेत) रोगाच्या लसीवरचा एक लेख वाचला. त्यात लसीचं यश फक्त रक्तातल्या प्रतिपिंडांवर (विषाणूला अडवणाऱ्या प्रथिनांवर) मोजलंय. ते अर्धंच झालं. हा विषाणू बहुधा नाकातोंडातून, श्वासातून शिरतो, त्यामुळे पहिली झुंज श्वासनलिकेच्या अस्तरावरच होते. कोंबडीला आपल्यासारख्या लसिकागाठी (रोगप्रतिकारक पेशींच्या गाठी) नसतात. पण डोळ्याच्या खोबणीत, तिसऱ्या पापणीमागे हार्डेरियन ग्रंथी असते. तिथल्या बी-पेशी प्रतिपिंडं बनवतात आणि ती अश्रूंतून नाकाघशात उतरतात. विषाणू एखाद्या पेशीत शिरलाच, तर ती पेशी मारायचं काम टी-पेशींचं, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींचं.

म्हणूनच ५ ते ७ दिवसांच्या पिल्लाला लासोटा ही मानमोडीची जिवंत लस डोळ्यातून देतात. डोकं आडवं धरा, एक थेंब टाका आणि पिल्लू डोळा मिटून थेंब आत घेईपर्यंत सोडू नका. हात झटकला की थेंब पिसांवर, लस फुकट! लशीत निळा रंग असेल तर थोड्या वेळाने जीभ निळसर दिसते. दहा-वीस पिल्लं तपासून बघा.

बूस्टर पाण्यातून देताना कोकणात हमखास चूक होते. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (क्लोरीनयुक्त ब्लीचिंग पावडर) टाकलेलं असतं आणि क्लोरीन लशीतला जिवंत विषाणू मारतं. बिगर-टीसीएलचं गार पाणी घ्या, लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर मिसळा, दोन तासांत संपेल एवढंच भरा.

झडीसाठी शेडचे पडदे गच्च बांधले की खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं होऊन अमोनिया साठतो. तो २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर गेला की श्वासनलिकेच्या अस्तरावरची केसलं (सूक्ष्म केसांसारखे तंतू) झडतात. वरची फट उघडीच ठेवा. आणि गंबोरो या विषाणूजन्य रोगाने बर्सा (कोंबडीच्या बी-पेशी जिथे घडतात तो अवयव) खाल्ला असेल, तर बी-पेशी येणार कुठून?